तीस वेळा तेर्का नेनी

मी ओळ बोलतेय. गाण्याची नाही, कवितेची तर नाहीच नाही. संगणकाच्या प्रोग्राममधली, छापायचं काम करणारी एक साधी ओळ. लांबी म्हणाल तर चाळीसेक अक्षरं, त्यात निम्म्या '~' अशा नागमोडी खुणा. मला वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. आलंच तर चष्म्याचा नंबर वाढला म्हणून येतं. तरी पण एकदा माझ्यामुळे अख्ख्या संस्थेची बोलती बंद झाली होती, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म बुडापेस्टचा, १९८७ सालच्या मार्चमधला, एका सरकारी संशोधन संस्थेच्या चौथ्या मजल्यावरचा. आई हार्गिताई एमोके. वय एकतीस, ओठांत सिगारेट, केसांत खोचलेली पेन्सिल. स्वभाव असा की 'जरा बघतेस का' म्हटलं तर ती खरंच जराच बघायची आणि निघून जायची. सांगितलं तेवढं करायचं, न सांगितलेलं करायचं नाही, हा तिचा बाणा. अशा बाईला माणसांत फार मित्र नसतात, पण यंत्राशी तिचं छान जमतं.

आमच्या कीबोर्डावर नागमोडी खूणच नव्हती. ती उमटवायला दोन बटणं दाबून धरून तिसरं मारावं लागे. पहिल्या चार प्रयत्नांत एमोकेने मला वेडीवाकडी लिहिली. आकडे नावांच्या पोटात घुसले, नावं कागदाबाहेर गेली. पाचव्यांदा मी हवी तशी झाले. खोलीचा नंबर उजवीकडे टेकवायचा, नाव डावीकडून सुरू करायचं, नाव संपलं की उरलेल्या जागेत टिंबं भरत जायची, आणि सुट्टीतल्या खोलीसाठी माणूस किती वर्षं थांबलाय तो आकडा पुन्हा उजव्या काठाला नेऊन ठेवायचा. नाव बोटभर असो की हातभर, रकाना हलायचा नाही. मी छापलेल्या पहिल्या कागदाकडे बघून एमोके म्हणाली, "दिसतेस तर बरी." तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं आणि शेवटचं कौतुक.

आता आमच्या घराण्याबद्दल चार शब्द, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमची भाषा तर्काची, प्रोलॉग तिचं नाव. आमच्यात यंत्राला 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगत बसत नाहीत. काय खरं आहे ते सांगायचं, काय चालेल नि काय चालणार नाही त्याचे नियम द्यायचे, आणि उत्तर त्याचं त्याला शोधू द्यायचं. यंत्र एक अंदाज बांधून पुढे निघतं. एखाद्या नियमापाशी घोडं अडलं की मागे फिरतं, शेवटचा अंदाज पुसतं आणि दुसरा बांधतं. पुसलेल्याची कुठे नोंदही राहत नाही. माझी सगळी भावंडं अशीच. घटकेपूर्वी छातीठोकपणे सांगितलेलं नंतर विचाराल तर म्हणतील, आम्ही कधी म्हणालो? राजकारणात चांगली निघाली असती.

अपवाद एकटी मी. मी बोलते ते कागदावर. यंत्र मागे फिरलं तरी कागद मागे फिरत नाही. बाकीच्यांची चूक पुसली जाते, माझी भिंतीवर लागते.

तर, संस्थेच्या कामगार संघटनेची दोन विश्रामगृहं होती. एक बालातोन सरोवराच्या काठी, दुसरं मात्राच्या डोंगरात. जुलैतलं बालातोन सगळ्यांना हवं असायचं आणि नोव्हेंबरातलं मात्रा कुणाच्या शत्रूलाही नको असायचं. दरवर्षी एप्रिलमध्ये पाच माणसं दार लावून धुरात बसायची, कुणाला काय ते ठरवायची, आणि त्यानंतर नाताळापर्यंत अर्धी संस्था उरलेल्या अर्ध्या संस्थेशी बोलायची नाही. संघटनेचा प्रतिनिधी देझो बाची, म्हणजे सगळ्यांचा देझो काका, या प्रकाराला इतका कंटाळला होता की त्याचं पोट बिघडायचं.

"यंदा यंत्र ठरवील," त्याने जाहीर केलं. "यंत्राला ना सासू, ना मेव्हणा."

काम एमोकेकडे आलं आणि तिने नियम लिहिले. जो जास्त वर्षं थांबलाय त्याला आधी निवड. पोरंबाळं असतील त्यांना शाळेच्या सुट्टीत. गुडघे धरलेल्यांना वरचा मजला नको. सगळं न्यायाचं, सगळं सरळ. पहिल्याच चाचणीत यादीच्या डोक्यावर एक नाव आलं, आणि ते पाहून एमोकेने ओठातली सिगारेट खाली ठेवली.

ते नाव शोम्लोई तेरेझचं. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या उपाहारगृहात कॉफी देणारी बाई. तिला लहानथोर सगळे तेर्का नेनी म्हणत, तुमच्याकडे मावशी म्हणतात तसं. चरबी लावलेल्या पावावर कांद्याच्या चकत्या ठेवणं आणि कोण कुणावर रुसलंय ते ओळखणं, या दोन गोष्टींत तिचा हात धरणारा कुणी नव्हता. तिने बालातोनसाठी सतरा वर्षं ओळीने अर्ज केला होता. सतरा वर्षं तिला मात्रा मिळालं होतं. सोळा वेळा नोव्हेंबरात आणि एकदा ऑक्टोबरच्या अखेरीला. ऑक्टोबरातल्या त्या खेपेला ती 'माझा उन्हाळा' म्हणायची.

येत्या फेब्रुवारीत तिला पंचावन्न पूर्ण होणार होती. म्हणजे पेन्शन, आणि पेन्शनीत निघालेल्या माणसाचं नाव आमच्या यादीत येत नसे. यंदा नाही तर कधीच नाही, असा मामला होता.

"तुम्हाला पोहता येतं का, तेर्का नेनी?" एमोकेने कॉफी घेताना सहज विचारलं.

"पोहायचंय कुणाला, पोरी. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना गरम कॉफी देतेय. माझी स्वतःची उभ्या उभ्या, अर्धा घोट तोंडात असताना कुणी तरी हाक मारतं. मला बालातोनच्या सात नंबर खोलीच्या बाल्कनीत बसायचंय. पाण्याकडे बघायचं आणि कॉफी थंड होऊ द्यायची. मुद्दाम."

 भावनेच्या प्रसंगी एमोके नेहमी साखर जास्त घालून घ्यायची, तशी तिने घेतली.

यादी छापायच्या आदल्या दिवशी देझो बाची तिच्या टेबलापाशी येऊन घुटमळला. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस तो. आधी हवापाणी झालं, मग त्याच्या मुलीचं लग्न झालं, मग म्हणाला, "एक बारीकसा नियम राहिलाय, एमोके. शेवटी घालून टाक."

"कुठला?"

"सात नंबर, जुलैचा पहिला पंधरवडा, डॉक्टर सिल्वाईंना." हे आमचे डायरेक्टर.

"यंत्राला सासू नाही म्हणाला होतात."

"यंत्राला नाहीच. डायरेक्टरांना आहे. दरवर्षी त्याच बाल्कनीत बसते. तिला दुसरीकडे झोप लागत नाही म्हणे."

"तेर्का नेनीचं काय?"

"नियम लाव पोरी, आणि मला छळू नकोस. मला आज सकाळपासून दोनदा गोळी घ्यावी लागली."

एमोकेने वाद घातला नाही. तिचीही गोम होतीच. शरद ऋतूत तिला लिस्बनच्या एका परिषदेत आपलं काम मांडायचं होतं. आमच्या त्या दिवसांत पश्चिमेकडे जायला मिळणं म्हणजे काय, ते न गेलेल्यालाच विचारा. तिच्या पासपोर्टाच्या कागदावर सही लागणार होती ती सिल्वाईंची. तिने मूग गिळले आणि नियम लिहिला. 'शेवटी घाल' म्हटलं होतं, म्हणून अगदी शेवटी घातला. माझ्याही खाली.

इथेच चूक झाली. छापणारी ओळ सगळ्या नियमांच्या खाली हवी, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. चाचणी चालताना यंत्र कुठवर आलं ते दिसावं म्हणून एमोकेने मला वर बसवलं होतं, आणि संतापाच्या भरात मला खाली न्यायची ती विसरली. मी तरी काय करणार, माझी पाळी आली की मी बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने प्रोग्राम सुरू केला आणि ती एका बैठकीला गेली. यंत्राने यादी जुळवली. पहिली ओळ: सात नंबर, शोम्लोई तेरेझ, टिंबं, सतरा. मी पानभर छापलं, देखणं छापलं. मग शेवटचा नियम आला आणि यंत्र अडलं. सात नंबर डायरेक्टरांचा नाही, म्हणजे यादी बाद. मागे फिरा.

आता आमचं यंत्र मागे फिरतं ते शेपटाकडून. सगळ्यांत शेवटी घेतलेला निर्णय आधी बदलतं. वरच्या पहिल्या निर्णयाला ते अगदी गळ्याशी आल्याखेरीज हात लावत नाही. त्यामुळे त्याने यादीच्या तळातल्या माणसांची अदलाबदल सुरू केली. दप्तरखान्यातला लायोश मात्राहून बालातोनला, टंकलेखिका बालातोनहून मात्राला. छाप. बाद. पुन्हा उलट. छाप. बाद. साहेबांच्या सासूची एक खोली बसवायला खालच्या माणसांची एकोणतीस वेळा उलथापालथ झाली आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही. हे मी यंत्राबद्दल सांगतेय, तुमच्या कचेरीबद्दल नाही. एकतिसाव्या खेपेला यंत्राने नाइलाजाने पहिली ओळ बदलली. सात नंबर, सिल्वाई. तेर्का नेनीने मागितलेली एकच खोली गेली, म्हणून ती तळाला, मात्रा, नोव्हेंबर. नियम खूश झाला आणि यंत्र थांबलं.

तेवढ्यात देझो बाची छपाईच्या खोलीत डोकावला. एकाच मथळ्याची, एकसारख्या रकान्यांची, एकमेकांना जोडलेली एकतीस पानं. आमच्याकडे कुठलाही कागद एकटा जन्माला येत नाही. एक प्रत संघटनेला, एक पक्षाला, एक मंत्रालयाला, एक कपाटाला. बाचीने गठ्ठा पाहिला आणि त्याला वाटलं, शाबास, या पोरीने न सांगता प्रती काढल्या. एमोके न सांगता काही करत नाही हे बावीस वर्षं संघटनेत काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. त्याने पहिलं पान फाडलं आणि उपाहारगृहाच्या दाराशी फळ्यावर टाचलं.

दहाच्या कॉफीला गर्दी झाली. तेर्का नेनी हात पुसत बाहेर आली, चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे खालून वाचायला लागली. वर यायला तिला बराच वेळ लागला.

"ही शोम्लोई तेरेझ दुसरी कुणी आहे का हो इथे?" तिने विचारलं.

"तूच की, नेनी," दप्तरखान्यातला लायोश म्हणाला.

तिने माझ्या टिंबांवरून बोट फिरवलं, नावापासून सतरापर्यंत. मग परत नावापर्यंत. मी जन्मात खूप छापलं, पण माझ्यावरून असं बोट पुन्हा कुणी फिरवलं नाही. दुपारपर्यंत तिने बहिणीला फोन केला, हिशेबनिसाच्या बायकोकडून वेताची टोपी मागून आणली, आणि ती डोक्यावर ठेवूनच कॉफी द्यायला लागली. त्या दिवशी मलईची पोगाचा, म्हणजे आमची छोटी खारी पावरोटी, घेणाऱ्याला एकावर एक जास्तीची मिळत होती.

बाराला एमोके आणि देझो बाची डायरेक्टरांच्या खोलीत उभे होते.

"यंत्र चुकलं असं जाहीर करा," सिल्वाई म्हणाले.

"यंत्र नाही चुकलं, कॉम्रेड डायरेक्टर. मी चुकले. छापायची ओळ वर राहिली. शेवटचं पान तुमच्या नियमाप्रमाणे आहे."

"मग ती बरोबर यादी लावा. आत्ताच्या आत्ता." सिल्वाईंनी टेबलावरचा एक कागद थोडा पुढे सरकवला, सही नसलेला, पासपोर्टाचा. "आणि लिस्बनची तयारी कशी चाललीय?"

"चाललीय," एमोके म्हणाली.

बाहेर येऊन तिने गठ्ठा उचलला. मधली पानं कुणीच पाहिली नव्हती. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि एकेक पान उलगडत गेली. प्रत्येकाच्या डोक्यावर तेच नाव. देझो बाची शेजारी उभा राहून घाम पुसत होता.

"एकच पान लावायचंय ना," तो म्हणाला. "मला दे, मी लावतो. तिला मी सांगतो काहीतरी."

"'बरोबर यादी लावा' म्हणाले ते," एमोके म्हणाली. "पहिली काढा म्हणाले का?"

"एमोके."

"मधल्या लावू नका म्हणाले का?"

बाचीने तिच्याकडे पाहिलं, मग गोळीची डबी काढली, मग ती न उघडताच खिशात ठेवली आणि टाचण्या आणायला गेला. बावीस वर्षांत त्याने केलेलं मला माहीत असलेलं हे एकमेव संघटनेचं काम.

लिफ्टपासून उपाहारगृहापर्यंत त्यांनी मला भिंतभर लावलं. फळ्यावरचं पहिलं पान काढून सुरुवातीला आणून लावलं, आणि एकतिसावं गेलं कॉफीच्या खिडकीला लागून. पुढचं सगळं मी कसं पाहिलं असं विचाराल तर मी एकतीस पानांवर पसरले होते, मला न दिसेल असा कोपराच नव्हता.

तेर्का नेनीने ते शेवटचं पान आधी वाचलं, कारण ते तिच्या नाकासमोर होतं. या खेपेला खालून वाचायची सवय कामाला आली. पहिल्याच ओळीत तिचं नाव सापडलं. तिने टोपी काढली, घडवंचीवर ठेवली.

"सतरा वर्षं हे काम माणसं करायची," ती म्हणाली. "यंदा यंत्राला लावलं. बरं झालं, त्यांनाही विश्रांती हवीच."

तिचा आवाज नेहमीचाच होता, पण कपात ओतलेली कॉफी बशीत गेली. मला माझी लाज वाटली. तेच रकाने, तीच टिंबं, तोच डौल. खरं असो की लबाडी, मी दोन्ही सारखंच नीटनेटकं मांडते, आणि नीट मांडलेलं लोकांना खरं वाटतं. हा माझा गुण की अवगुण ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"नेनी, इकडून नका वाचू," एमोके म्हणाली. "लिफ्टपासून वाचत या."

नेनी गेली. तिच्यामागे लायोश, टंकलेखिका, हिशेबनीस, सगळी रांग. कुणी तरी मोजायला लागलं. एक, तेर्का नेनी. दोन, तेर्का नेनी. अकराव्याला हसू फुटलं, विसाव्याला थांबलं. तिसाव्याला सगळे गप्प झाले आणि एकतिसाव्यापाशी येऊन उभे राहिले.

अडीच वाजता सिल्वाई कॉफीला आले. सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून कॉफी घ्यायची त्यांची पद्धत होती, आपण साधे आहोत हे लोकांनी बघावं म्हणून. लिफ्टचं दार उघडलं. ते चालत आले, आधी झपझप, मग सावकाश.

"हे काय लावलंय, कॉम्रेड हार्गिताई?"

"बरोबर यादी लावा म्हणालात. ती ही, शेवटची."

"आणि बाकीच्या?"

"त्याबद्दल काही बोलला नाहीत."

"मग आता बोलतो. काढा."

"काढते," एमोके म्हणाली. केसांतली पेन्सिल तिने नीट खोचली. "कुठल्या काढू?"

आता हा प्रश्न तसा साधा. उत्तर द्यायला दोन शब्द पुरे, 'तेर्काच्या काढा'. पण ते दोन शब्द चाळीस माणसांसमोर, तेर्का नेनीच्या तोंडावर उच्चारायचे होते. बंद खोलीत धुरात ते दरवर्षी सहज निघायचे. सिल्वाईंनी भिंतीकडे पाहिलं, देझो बाचीकडे पाहिलं. बाची आयुष्यात प्रथमच कुठेही घुटमळत नव्हता, ताठ उभा होता. तेर्का नेनीने कप पुढे केला.

"साखर दोन चमचे ना, कॉम्रेड डायरेक्टर?"

सिल्वाईंनी कप घेतला. घोट घेतला. त्यांना भाजलं असावं.

"शेवटची काढा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, कुणी न विचारता, "नाहीतरी सासूबाईंना डॉक्टरांनी यंदा डोंगराची हवा सांगितलीय."

"फार छान हवा असते मात्राला," तेर्का नेनी म्हणाली. "सतरा वर्षांचा अनुभव आहे माझा. लोकरीचे मोजे न्यायला सांगा."

एमोकेने शेवटचं पान काढलं. पासपोर्टाचा कागद सिल्वाईंच्या टेबलावर असा काही हरवला की सापडला तो थेट डिसेंबरात. लिस्बनला दुसराच कुणी जाऊन तिचं काम वाचून आला. पुढच्या वर्षी एमोकेला मात्रा मिळालं, नोव्हेंबरात, तिसरा मजला. ती गेली आणि तिथे फार थंडी आहे एवढंच येऊन म्हणाली.

त्याआधी तिने मला मात्र जागेवर नेलं. शेवटच्या नियमाच्या खाली, जिथे माझ्यासारखीने असायला हवं तिथे. तेव्हापासून मी कधी चुकले नाही. कुणाच्या उपयोगालाही पडले नाही म्हणा. बंद दारामागे जे ठरायचं ते मी सुबक रकान्यांत छापायची, आणि लोक म्हणायचे, यंत्रानेच ठरवलंय, आता काय बोलणार.

मग राज्य बदललं, संस्था मोडली, बालातोनकाठचं घर कुणी तरी विकत घेतलं. ज्या यंत्रावर मी जन्मले ते भंगारात गेलं. मी उरलेय एका पिवळ्या कागदावर, एमोकेच्या स्वयंपाकघराच्या खणात, दोऱ्याची रिळं आणि संपलेल्या बॅटऱ्यांबरोबर. तीसेक वर्षांत मला कुणी चालवलेलं नाही. नागमोडी खुणा थोड्या पुसट झाल्यात.

छापण्याआधी शेवटचा नियम तपासा, असं आमच्या धंद्यातली शहाणी माणसं सांगतात. बरोबरच सांगतात, तपासा. माझं मागणं एवढंच आहे की तुमच्या कचेरीत कधी यादी लागली तर ती कितवी आहे ते विचारा, आणि तिच्या आधीच्या कुठे गेल्या तेही विचारा. त्या छापल्या नसतील, पण होत्या.

खणात माझ्या शेजारी एक चित्रपत्र आहे. पुढच्या बाजूला बालातोनचं पाणी, माझ्या अंगावरच्या खुणांसारखं. मागच्या बाजूला जुलै १९८७ चा शिक्का, आणि पेन्सिलने दोन ओळी, रकान्यात न बसणाऱ्या, उजवीकडे चढत गेलेल्या:

'एमोके पोरी, कॉफी थंड झाली. दुसरी मागवली, तीही होऊ दिली. तुझी तेर्का नेनी.'